गावच्या जुन्या वाचनालयाची इमारत कशी राखावी : नव्या कार्यकारी मंडळासाठी

महाराष्ट्रात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयांची संख्या अकरा हजारांच्या घरात आहे आणि त्यांतील बहुसंख्य ग्रंथालये खेड्यापाड्यांत व तालुक्याच्या गावी आहेत. ही ग्रंथालये शासनाची नाहीत. ती नोंदणीकृत संस्थांची आहेत आणि शासन त्यांना अनुदान देते. हा फरक नव्या सभासदाने पहिल्याच दिवशी लक्षात घ्यावा, कारण त्याचा सरळ अर्थ असा की छप्पर गळू लागले तर दुरुस्तीला कोणतेही खाते आपण होऊन येणार नाही. आजोबा-पणजोबांच्या पिढीने वर्गणी काढून, कुणी जागा देऊन, कुणी लाकूड देऊन जी वास्तू उभी केली, ती टिकवण्याची कायदेशीर जबाबदारी कार्यकारी मंडळावर असते. मी कोकणातील एका तालुक्याच्या गावी अशा मंडळावर बरीच वर्षे काम केले आहे. पुढे जे लिहीत आहे त्यातील काही कायद्याच्या पुस्तकातून समजले आणि काही चुका झाल्यानंतर समजले.

पहिली पायरी : कागद

इमारतीकडे पाहण्यापूर्वी कपाट उघडावे. जागा कोणाच्या नावावर आहे हे ठरल्याशिवाय एक रुपयाही सार्वजनिक निधी मिळत नाही, आणि जुन्या वाचनालयांचे घोडे बहुतेक वेळा इथेच अडते. जागा गावठाणात असेल तर मिळकत पत्रिका किंवा ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा, गावठाणाबाहेर असेल तर सातबारा काढावा आणि त्यावर संस्थेचे नाव आहे की साठ वर्षांपूर्वी निवर्तलेल्या दात्याचे, हे पाहावे. अनेक ठिकाणी दात्याने तोंडी शब्दावर जागा दिलेली असते, बक्षीसपत्र नोंदवलेले नसते, आणि आता त्याचे बारा वारस तीन शहरांत विखुरलेले असतात. अशा वेळी वारसांना गाठून बक्षीसपत्र नोंदवून घेणे हेच इमारतीच्या दुरुस्तीचे पहिले काम समजावे. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याला एखादे वर्ष सहज लागते. परंतु दात्याच्या घरातील ज्येष्ठ व्यक्ती हयात असताना ते जितके सोपे असते, तितके पुढे कधीच राहत नाही. आमच्याकडे वारसांपैकी एका आजींनी सहीसाठी अट एकच घातली होती : सासऱ्यांच्या नावाची फरशी भिंतीतून काढायची नाही.

दुसरा कागद धर्मादाय कार्यालयाचा. बहुतेक वाचनालये १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली, अशी दोन्हीकडे नोंदलेली असतात. विश्वस्तांची नावे बदलली की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. तो दहा-दहा वर्षे दिलेला नसला तर कागदोपत्री विश्वस्त म्हणून दिवंगत माणसेच उरतात, आणि अशा संस्थेशी करार करायला जिल्हाधिकारी कार्यालय किंवा एखादी कंपनी तयार होत नाही. संस्थेची इमारत परिशिष्ट एकमध्ये, म्हणजे धर्मादाय कार्यालयातील संस्थेच्या नोंदीच्या उताऱ्यात, स्थावर मिळकत म्हणून दाखल आहे ना, हेही त्याच फेरीत तपासून घ्यावे. तसेच धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विश्वस्तांना कर्ज काढता येत नाही, मिळकत विकता येत नाही आणि बिगरशेती मिळकत तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाड्याने देता येत नाही. दुरुस्तीच्या पैशासाठी रस्त्याकडची खोली एखाद्या दुकानदाराला दीर्घ मुदतीने देण्याचा मोह प्रत्येक मंडळाला कधी ना कधी होतो, म्हणून ही तरतूद आधीच माहीत असलेली बरी.

दुसरी पायरी : पावसात इमारत पाहणे

इमारतीची पाहणी उन्हाळ्यात करण्याची आपल्याकडे पद्धत आहे, कारण वार्षिक सभा झालेली असते आणि सर्वांना वेळ असतो. माझे स्पष्ट मत आहे की पहिली पाहणी भर पावसातच करावी. आषाढात सलग दोन दिवस झड लागलेली असताना, विजेरी घेऊन, माळ्यावर चढून प्रत्येक वासा पाहावा आणि पाणी नेमके कुठून येते ते खडूने खूण करून ठेवावे. छतातून टपकणारे पाणी जिथे पडते तिथून ते आत शिरलेले असतेच असे नाही. ते रिपेवरून, वाशावरून चार-सहा फूट वाहत येते आणि मगच खाली पडते. उन्हाळ्यात डागावरून गळतीची जागा ठरवणाऱ्या गवंड्याने चुकीची कौले बदलली, तर दोष त्याचा नसतो.

कोकणात आणि घाटमाथ्यावर जुन्या वाचनालयांची छपरे बहुतेक मंगळुरी कौलांची असतात. बाझेल मिशनच्या लोकांनी १८६५ मध्ये मंगळुरात या कौलांचा कारखाना काढला आणि पुढे पश्चिम किनाऱ्यावर अनेक कारखाने निघाले. प्रत्येक कारखान्याच्या कौलाच्या खाचा थोड्या वेगळ्या असतात, त्यामुळे आज बाजारातून आणलेले कौल जुन्या कौलात नीट बसत नाही आणि त्या फटीतून वाऱ्याबरोबर पाऊस आत येतो. यावर उपाय सोपा आहे. गावात एखादे जुने घर पाडले जात असेल तर मालकाशी बोलून त्याच छापाची शे-दीडशे कौले उतरवून घ्यावीत आणि वाचनालयाच्या मागच्या पडवीत रचून ठेवावीत. नवे बदल करायचेच असतील तर एका पाख्यावरची, म्हणजे छपराच्या एका उतारावरची, सर्व चांगली जुनी कौले दुसऱ्या पाख्यासाठी वापरून एक पाखा पूर्ण नव्या कौलांनी शाकारावा. दोन्हींची सरमिसळ करू नये.

देशावर आणि मराठवाड्यात प्रश्न वेगळा असतो. तेथे जुन्या वाड्यांत भरणाऱ्या वाचनालयांवर पांढऱ्या मातीचे माळवद असते. हे माळवद उन्हाळ्यात खोल्या थंड ठेवते, पण त्यावर दर काही वर्षांनी मातीचा थर देण्याच्या सवयीमुळे छताचे वजन पिढ्यानपिढ्या वाढत जाते आणि खालच्या तुळया वाकू लागतात. नवा थर देण्याआधी जुना खरवडून काढावा आणि पाणी वाहून नेणारा उतार व पन्हळी मोकळ्या आहेत याची खात्री करावी.

आमच्या मंडळाची सर्वांत मोठी चूक याच पायरीवर झाली. एका देणगीदाराने भरघोस रक्कम दिली आणि शताब्दीचा सोहळा जवळ आला होता, म्हणून आम्ही आतून-बाहेरून रंग काढला, दर्शनी कमानीवर नवी पाटी लावली. छपराला हात लावला नाही. पुढच्याच श्रावणात उत्तरेकडच्या पाख्यातून पाणी आले आणि मासिकांच्या बांधीव खंडांचे एक पूर्ण कपाट भिजले. त्यांतील काही अंक परत मिळणे आता शक्य नाही. त्यानंतर आम्ही ठराव करून ठेवला की जोवर छप्पर, पन्हळ आणि पाण्याचा निचरा ठीक असल्याचे लेखी नाही, तोवर रंगाला आणि फर्निचरला पैसा खर्च करायचा नाही.

तिसरी पायरी : भिंती, वाळवी आणि पुस्तकांचे वजन

जुन्या भिंती जांभ्याच्या किंवा काळ्या दगडाच्या आणि चुन्यात किंवा मातीत बांधलेल्या असतात. अशी भिंत जमिनीतला ओलावा थोडा शोषते आणि चुन्याच्या गिलाव्यातून तो बाहेर सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा केला की दोन-तीन वर्षे ती सुंदर दिसते. नंतर आत अडकलेली ओल वर चढते, गिलाव्याचे पोपडे सुटतात आणि ओल भिंतीला टेकलेल्या कपाटांच्या पाठीत शिरते. म्हणून जिथे चुना होता तिथे चुनाच वापरावा. चुना नीट मुरवणारा कारागीर आता मिळत नाही अशी सबब सांगितली जाते, परंतु जवळपासच्या मंदिरांच्या जीर्णोद्धाराच्या कामांवर चौकशी केली तर असा माणूस बहुधा सापडतो. ओल कमी करण्यासाठी जोत्याभोवती साचलेली माती काढणे, पागोळ्यांचे पाणी भिंतीपासून दूर नेणारी चर खणणे आणि भिंतीलगतची झाडे काढणे या तीन कामांना फार खर्च येत नाही, आणि त्यांचा गुण महागड्या रसायनांपेक्षा अधिक येतो.

वाळवीची मातीची नळी भिंतीवर दिसली तर ती झाडून टाकून समाधान मानू नये. कपाटे भिंतीपासून अर्धा फूट पुढे घ्यावीत, म्हणजे मागे हवा खेळते आणि नळी वेळेवर दिसते. खालचा कप्पा जमिनीपासून किमान सहा इंच उंच असावा. लाकडी तुळयांची टोके जिथे भिंतीत जातात तिथे टोकदार सुई किंवा पेचकस खुपसून पाहावा. तो सहज आत गेला तर लाकूड आतून पोकळ झाले आहे.

नवख्यांच्या लक्षात न येणारी बाब म्हणजे पुस्तकांचे वजन. इमारतींवरील भारासंबंधीच्या भारतीय मानकानुसार राहत्या घराच्या मजल्यासाठी दर चौरस मीटरला साधारण दोनशे किलोचा भार धरतात, तर पुस्तकांच्या कपाटांच्या खोलीसाठी सव्वादोन मीटर उंचीपर्यंतच सहाशे किलोचा, म्हणजे तिप्पट, आणि त्याहून उंच रचल्यास आणखी. घर म्हणून बांधलेल्या वाड्याच्या माडीवर वाचनालय भरत असेल, तर ती माडी इतके ओझे पेलण्यासाठी बांधलेलीच नाही. पुस्तके तळमजल्यावर आणि वाचनकक्ष माडीवर, ही मांडणी म्हणूनच सुरक्षित. नदीकाठच्या गावांत मात्र नेमकी उलट अडचण येते. चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासूनचे आहे आणि २००५ व २०२१ या दोन्ही महापुरांत त्याला झळ बसली. पूररेषेतील वाचनालयाने दुर्मिळ ग्रंथांपुरती तरी वरच्या मजल्यावर व्यवस्था करावी आणि तेवढ्या खोलीची जमीन अभियंत्याकडून तपासून, गरज असल्यास खालून आधार देऊन घ्यावी. पुस्तके भिजलीच तर दोन दिवसांत बुरशी धरू लागते, त्यामुळे ती उन्हात न टाकता पंख्याखाली, पानांत कोरे कागद घालून, त्याच दिवशी वाळवायला घ्यावीत.

विजेच्या तारांबद्दल थोडक्यात. कापडी वेष्टनाच्या किंवा लाकडी पट्टीवरच्या तारा अजून असतील तर इतर सर्व कामांआधी त्या काढाव्यात आणि गळतीचा प्रवाह तोडणारे उपकरण बसवून घ्यावे.

चौथी पायरी : अभियंता आणि अंदाजपत्रक

महानगरपालिका क्षेत्रात तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी कायद्याने बंधनकारक आहे. खेड्यात ती कोणी मागत नाही, म्हणून ती आपणच करून घ्यावी. शक्य असल्यास जिल्ह्यातील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा तंत्रनिकेतनाशी पत्रव्यवहार करावा. अहवालात दुरुस्तीची कामे तातडीची, दोन वर्षांत करण्याची आणि थांबू शकणारी अशी वेगळी मांडून मागावीत. भिंतीला तडा असेल तर त्यावर काचेची पातळ पट्टी चिकटवून तारीख लिहून ठेवावी; पट्टी तुटली तर तडा अजून वाढत आहे असे समजावे आणि अभियंत्याला पुन्हा बोलवावे.

अंदाजपत्रक सार्वजनिक बांधकाम विभागाच्या चालू दरसूचीवर आधारलेले असावे, कारण शासकीय निधीच्या प्रस्तावाला तेच लागते. येथे एक अडचण येते. चुन्याचे काम, जुन्या सागवानी तुळयांची सांधजोड, कौलांची शाकारणी यांचे दर दरसूचीत सहज सापडत नाहीत, आणि मग सोयीस्कर म्हणून अंदाजपत्रकात पत्रे, सिमेंट व लोखंडी चौकटी घुसतात. काही वेळा तर ‘जुने पाडून नवे बांधा’ हाच सल्ला मिळतो, कारण नव्या इमारतीला निधी मिळवणे दुरुस्तीपेक्षा सोपे असते. तो सल्ला घाईने मानू नये. भक्कम जोत्यावर उभी असलेली, दीड फुटी भिंतींची वास्तू छप्पर नीट केल्यावर आणखी पन्नास वर्षे उभी राहू शकते.

पाचवी पायरी : पैसा

शासनाचे नियमित अनुदान पुष्कळांना मोठे वाटते, म्हणून त्याची मर्यादा आधी सांगतो. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा. आंध्र, कर्नाटक, तमिळनाडू, केरळ या राज्यांप्रमाणे आपल्या कायद्याने ग्रंथालय उपकर बसवलेला नाही; आपल्याकडे राज्याच्या अर्थसंकल्पातूनच ग्रंथालय निधीत रक्कम येते. ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि वर्गानुसार वार्षिक अनुदान ठरते. २०१२ नंतर जवळपास दहा वर्षे गावातल्या ड वर्गाच्या वाचनालयाला वर्षाला ३० हजार रुपये मिळत होते. पुढे ६० टक्के वाढ झाली तेव्हा ते ४८ हजार झाले. त्यातला निम्मा वाटा वेतनाला जातो आणि उरलेल्यात ग्रंथखरेदी, नियतकालिके, वीज असे सगळे बसवायचे असते. आता दुसरी बाजू पाहा. इमारतींच्या देखभालीचा सर्वसाधारण ठोकताळा असा की तशीच इमारत आज बांधायला जो खर्च येईल त्याच्या दोन ते चार टक्के दरवर्षी तिच्यावर खर्च व्हायला हवेत. समजा तुमची पंधराशे चौरस फुटांची वास्तू आज बांधायला ३० लाख लागतील, तर वर्षाला किमान ६० हजार फक्त देखभालीला हवेत. म्हणजे ४८ हजारांचे पूर्ण अनुदान इमारतीवर घातले तरी पुरत नाही.

म्हणून मोठे काम आणि वार्षिक देखभाल यांच्यासाठी पैशाचे वेगवेगळे मार्ग धरावे लागतात. मोठ्या कामासाठी सर्वप्रथम जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना भेटावे. १९७० च्या अनुदान नियमांत इमारत व साधनसामग्रीसाठी अनुदानाची तरतूद आहे. शिवाय कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानकडून, जे १९७२ मध्ये केंद्र शासनाने स्थापन केले, राज्याच्या हिश्शासह आणि राज्याच्या हिश्शाविना अशा दोन प्रकारच्या योजना चालतात, आणि त्यांत जागावाढीसाठी व पन्नास, पंचाहत्तर, शंभर, सव्वाशे वर्षे पूर्ण करणाऱ्या ग्रंथालयांसाठी साहाय्य असते. प्रस्ताव राज्याच्या ग्रंथालय संचालनालयामार्फत जातो. तेव्हा वाचनालयाचे स्थापनावर्ष सिद्ध करणारा जुना कागद, म्हणजे पहिले इतिवृत्त, जुनी पावती, जुन्या नियतकालिकातील बातमी, आजच शोधून त्याची प्रत करून ठेवावी. शताब्दीच्या वर्षी तो शोधायला निघाल्यास वर्ष निघून जाते.

खासदार आणि आमदार स्थानिक विकास निधी हा गावांना सर्वाधिक परिचित मार्ग आहे. त्यातून मुख्यतः टिकाऊ मालमत्ता उभी करता येते, म्हणून वार्षिक डागडुजीसाठी तो मागू नये. वाढीव खोली, स्वच्छतागृह, अभ्यासिकेची खोली अशा कामांसाठी मागावा. खासदार निधी नोंदणीकृत संस्थेला मिळण्यासाठी संस्था किमान तीन वर्षे जुनी असावी लागते आणि जिल्हा प्रशासनाशी करार करावा लागतो. लोकप्रतिनिधीचे शिफारसपत्र मिळाले म्हणजे पैसे मिळाले असे समजून ठेकेदाराला कामाला लावू नये. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता आणि कार्यारंभ आदेश या तीन टप्प्यांनंतरच काम सुरू होते, आणि आधी झालेल्या कामाचे देयक निघत नाही.

कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्व (सीएसआर) निधीचा विचार ग्रामीण वाचनालये फारच कमी करतात, हे मला खटकते. कंपनी अधिनियम २०१३ च्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक ग्रंथालयांची उभारणी आणि ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तूंचा जीर्णोद्धार ही दोन्ही कामे एकाच कलमात नावानिशी नमूद आहेत. तुमच्या तालुक्यात साखर कारखाना, औद्योगिक वसाहत, बंदर किंवा वीजप्रकल्प असेल तर त्यांच्या कार्यालयात जाण्यापूर्वी संस्थेची आयकर नोंदणी, देणगीदाराला सवलत देणारे ८०जी प्रमाणपत्र आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाकडील सीएसआर नोंदणी क्रमांक करून घ्यावा. हे तीन नसतील तर भेट चहापाण्यावर संपते.

राहिले गावचे लोक, आणि गावाबाहेर गेलेले गावचे लोक. मुंबई-पुण्यातील ग्रामस्थ मंडळे गणपतीला आणि शिमग्याला गावी येतात. त्या वेळी त्यांना भाषण ऐकवू नये. छपराखाली उभे करून भिजलेला वासा दाखवावा आणि एका वाशाची, एका खिडकीची, शंभर कौलांची किंमत लिहिलेला कागद हातात द्यावा. ठरावीक वस्तूसाठी दिलेली देणगी लोक आनंदाने देतात. दोन हजारांपेक्षा अधिक रोख देणगीवर देणगीदाराला आयकर सवलत मिळत नाही, तेव्हा धनादेशाने किंवा बँकेतून घ्यावी आणि पावती त्याच दिवशी पाठवावी.

सहावी पायरी : काम आणि त्यानंतरचा निधी

काम फाल्गुनात सुरू करून मृग लागायच्या आत संपवावे, आणि करारात तशी तारीख घालावी. छप्पर उघडण्यापूर्वी पुस्तके हलवण्याची जागा ठरवावी. शाळेला मे महिन्यात सुट्टी असते, तिचा वर्ग मागून घ्यावा. मंडळातील एकाने रोज संध्याकाळी कामावर जाऊन छायाचित्र काढावे, कारण गिलाव्याखाली काय झाकले गेले हे नंतर कोणीच सांगू शकत नाही. ठेकेदाराच्या रकमेतील काही भाग एक पूर्ण पावसाळा जाईपर्यंत अनामत म्हणून राखावा. निधी शासकीय असेल तर उपयोगिता प्रमाणपत्र वेळेत सादर करावे. ते थकले तर पुढचा प्रस्ताव त्याच टेबलावर पडून राहतो.

काम पूर्ण झाल्यावर इमारत निधी म्हणून वेगळे बँक खाते उघडावे. अभ्यासिकेतील स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांच्या मासिक शुल्काचा ठरावीक भाग, सभागृहाचे भाडे आणि आजीव सभासदांची वर्गणी या खात्यात जमा करण्याचा ठराव सर्वसाधारण सभेत करून घ्यावा, म्हणजे पुढचे मंडळ तो पैसा सहज दुसरीकडे वळवू शकत नाही. ही ठेव अनुसूचित किंवा शासनमान्य सहकारी बँकेत अथवा टपाल खात्यात ठेवावी. जास्त व्याजासाठी पतसंस्थेत ठेवणे विश्वस्त कायद्याच्या कलम ३५ मध्ये बसत नाही आणि पतसंस्था बुडाली तर विश्वस्तांवर जबाबदारी येते.

शेवटी एक वही करावी. तिच्या डाव्या पानावर वर्षभराची ठरलेली कामे लिहावीत : वैशाखात शाकारणी आणि पन्हळी साफ करणे, आषाढात माळ्यावरची पाहणी, अश्विनात वाळवी आणि तुळयांची तपासणी, माघात विजेची तपासणी. उजव्या पानावर ते काम कोणी केले, कोणत्या तारखेला, किती रुपयांत आणि कोणत्या कारागिराकडून, हे लिहून खाली सही घ्यावी. आमच्या वाचनालयात ही वही इतिवृत्ताच्या वहीबरोबरच नव्या कार्यवाहाच्या हाती दिली जाते आणि पहिल्या सभेत तिचे मागील वर्षाचे पान वाचून दाखवले जाते.